गावची वार्ता आणि गावची शाळा
(प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रामराज्याचा विचार मांडताना निवडणूक, निधी आणि अधिकार यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु गावात काय ठरले, कोणी ठरविले, त्यासाठी किती पैसा आला व तो कोठे खर्ची पडला, हे गावकऱ्यांच्या कानी कसे पोहोचते, या प्रश्नाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक पाहता ज्याला वार्ता नाही त्याला मतही नाही. पाणीपट्टी वाढल्याचे ज्याला बिल हाती पडल्यावरच कळते, त्याचा ग्रामसभेतील हक्क कागदावरच राहतो. म्हणून गावची वार्ता हा ग्रामराज्याचा पाया होय, आणि त्या पायाशी शाळेचा निकटचा संबंध आहे.

पूर्वी गावात वार्ता पोहोचविण्याचे साधन दवंडी हे होते. शेतसाऱ्याचा हप्ता, साथीच्या रोगाची लस, जत्रेचा दिवस, हरवलेले गुरू, सर्व काही दवंडीने कळे. हे काम वतनी चाकरीचा भाग म्हणून बहुधा महार समाजाकडे असे. ऊनपाऊस न पाहता गावाची वार्ता घरोघर नेणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र चावडीवरच्या विचारविनिमयात स्थान नव्हते. ही चाकरी माणसाला बांधून ठेवणारी आहे, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले. पुढे कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ चा, आणि मुंबई ग्रामपंचायत अधिनियम हाही १९५८ चाच. एका कायद्याने वार्ता वाहणाऱ्याची सक्तीची चाकरी संपविली. दुसऱ्याने त्याला, गावातील प्रत्येक प्रौढ मतदाराप्रमाणेच, ग्रामसभेचा सभासद केले. हे दोन कायदे विद्यार्थ्यांना एकत्र शिकविले, तर स्वराज्याचा अर्थ त्यांना अधिक लवकर उमगेल.

ग्रामसभेच्या संबंधात कायद्याची तरतूद स्पष्ट आहे. वर्षाच्या पहिल्या सभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवावे लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस महाराष्ट्रात ग्रामसभेचे म्हणून रूढ झाले आहेत. सभेची नोटीस काही दिवस आधी फलकावर लागली पाहिजे व दवंडीनेही कळविली पाहिजे. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार उपस्थित असणे आवश्यक असते. ४०० मतदारांच्या गावात ६० माणसे पुरतात. ३००० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ४५० होतात, तरी १०० पुरतात. एवढी अल्प संख्याही जमली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन उरत नाही. म्हणजे नोटीस ज्यांच्यापर्यंत पोहोचली नाही, त्यांच्या वतीने दहा-वीस माणसे निर्णय घेतात. यात कोणाचा कपटभाव असतोच असे नाही. पुष्कळदा नोटीस लागलेली असते, पण ती कपाटाच्या मागे, बारीक अक्षरात आणि कचेरीच्या भाषेत असते.

या दृष्टीने भीमाकाठच्या कोरेगावचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. कोरेगाव नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत, म्हणून नदीचे नाव जोडून ‘कोरेगाव भीमा’ असे म्हणावे लागते. हे गाव शिरूर तालुक्यात, पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर वसलेले आहे. नदी ओलांडली की पेरणे हे गाव लागते. ते हवेली तालुक्यात मोडते. जवळच सणसवाडीची कारखानदारी उभी राहिली आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून व परप्रांतांतून कामकरी कुटुंबे या परिसरात राहावयास आली. एकेकाळी जे गाव परस्परांना घराण्याने ओळखत होते, तेथे आता एकाच आळीत चार भाषा ऐकू येतात. जुन्या घरच्या माणसाला पंचायतीची बातमी पारावर कळते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या पत्नीला नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार नाही हेसुद्धा कळत नाही. दोघेही त्याच गावचे रहिवासी आहेत.

याच परिसराने खोट्या-खऱ्या वार्तेची मोठी किंमतही पाहिली आहे. १ जानेवारी १८१८ रोजी येथे लढाई झाली. तिचा स्मारकस्तंभ नदीच्या पलीकडे पेरणे हद्दीत आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर या स्तंभास भेट देण्यास आले, आणि तेव्हापासून तेथे जाऊन अभिवादन करण्याची प्रथा वाढत गेली. २०१८ मध्ये या लढाईला २०० वर्षे होत होती. त्याआधीच्या दिवसांत शेजारच्या वढू बुद्रुक येथे लावलेल्या एका फलकावरून वाद झाला. १ जानेवारी २०१८ रोजी परिसरात हिंसाचार उसळला, एका तरुणाचा जीव गेला, वाहने व दुकाने जळाली आणि त्याचे पडसाद राज्यभर उमटले. राज्य शासनाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. दोष कोणाचा, हा निवाडा शाळेने करावयाचा नाही. परंतु अशा दिवसांनंतर वर्ग पुन्हा भरतो तेव्हा एकाच बाकावर बसणारी दोन मुले आपापल्या घरून दोन निरनिराळ्या हकिकती ऐकून आलेली असतात, आणि दोघेही गुरुजींच्या तोंडाकडे पाहत असतात. त्या क्षणी शिक्षकाजवळ तयार उत्तर नसले तरी चालेल. मात्र ऐकलेली गोष्ट कशी पारखावी याची रीत त्याच्याजवळ असली पाहिजे. ती रीत संकटाच्या दिवशी एकाएकी शिकविता येत नाही. पाणीपट्टीच्या आणि लसीकरणाच्या साध्या वार्तेवर ती वर्षभर गिरवावी लागते.

पुढील वर्षांत १ जानेवारीच्या सुमारास प्रशासन वाहतुकीचे बदललेले मार्ग व इतर व्यवस्था यांच्या सूचना आधीच प्रसिद्ध करू लागले. लाखोंच्या समुदायात कोणता रस्ता बंद व कोणता खुला, हे वेळेवर व एकाच अधिकृत मुखाने सांगितले गेले की निम्मी धास्ती आपोआप मावळते. वार्ता तालुक्याची हद्द मानत नाही. म्हणून नदीच्या दोन्ही तीरांवर एकच सूचना पोहोचणे महत्त्वाचे ठरते.

वार्तेचा उपयोग कसा करावा, याचा एक जुना धडा पुणे जिल्ह्याजवळ आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीने पुण्याहून पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. सायंकाळी गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत, आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. प्रयोगाचे यश नुसत्या ऐकण्यात नव्हते. ऐकणे, बोलणे आणि उलट विचारणे या तिन्हींत होते. पुढे १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली व १९६१ पासून राज्यभर पसरलेली ग्रामशिक्षण मोहीम मुख्यतः प्राथमिक शिक्षकांच्याच बळावर चालली. गावातील प्रौढ साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. परंतु नवसाक्षराला रोज वाचावयास काही मिळाले नाही तर तो अक्षर विसरतो, हा त्या मोहिमेचा अनुभव होता. गावच्या फलकावरील चार ओळी हे अशा वाचनाचे सर्वांत स्वस्त साधन आहे. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडीवाचन झाले. लेखी नोंद मोठ्याने वाचली की चूक असलेला माणूस उठून बोलतो, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

आता शाळेने काय करावे, याचा विचार करू जाता प्रथम काय करू नये हे सांगणे इष्ट आहे. शिक्षकाने पंचायतीचा कारकून होऊ नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामास शिक्षकांना लावण्यास मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. गावातील कोणत्याही पक्षाचा वा पॅनेलचा निरोप शाळेच्या दारातून जाता कामा नये. सूचना लावणे हे ग्रामपंचायतीचे कर्तव्य; ती वाचावयास शिकविणे हे शाळेचे कर्तव्य. ही रेषा पुसट झाली की शाळेवरचा विश्वास जातो.

या मर्यादेत राहून करण्यासारखे पुष्कळ आहे. चौथी-पाचवीच्या वर्गाने आठवड्यातून एकदा ग्रामपंचायतीच्या फलकावरील एक सूचना वहीत उतरवून आणावी. वर्गात तिच्यावर चार प्रश्न विचारावेत : हे कोणी सांगितले? केव्हा सांगितले? कोणाला लागू आहे? शंका आल्यास कोठे विचारावे? ज्या सूचनेवर सही नाही, तारीख नाही, ती अपुरी, एवढे मुलांना कळले तरी पुरे. नंतर तीच सूचना मुलांनी सोप्या भाषेत लिहावी. ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे’ या वाक्याचे ‘पुरेशी माणसे न आल्याने सभा आज झाली नाही, ती पुन्हा भरेल’ असे रूपांतर करणे हा भाषेचा उत्तम पाठ आहे. तयार झालेला मजकूर शाळेच्या फळ्याच्या एका कोपऱ्यात, सूचनेचा मूळ आधार नमूद करून, लिहावा. परप्रांतीय मुलाने तो आपल्या आईला आपल्या भाषेत सांगावा आणि आईने काय विचारले ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे. ज्या घरात मराठी वर्तमानपत्र येत नाही, तेथे ते मूल हेच वर्तमानपत्र होय.

गणितालाही येथे वाव आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ पासूनच्या अनुदानात ६० टक्के रक्कम बांधील होती : निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी व निम्मी स्वच्छतेसाठी, उरलेली ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चावयाची होती. एखाद्या गावास १० लाख रुपये मिळाले असे मानले तर ३ लाख पाण्याला, ३ लाख स्वच्छतेला आणि ४ लाख इतर गरजांना. हे उदाहरण सोडविणारा विद्यार्थी घरी जाऊन सहज विचारील, ‘आपल्या गावाला किती आले?’ तो प्रश्न उद्धटपणाचा नाही; २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अशी माहिती कोणी न मागताही प्रसिद्ध करणे सार्वजनिक कार्यालयांवर बंधनकारक केले आहे. मात्र प्रश्न नम्रपणे, योग्य ठिकाणी व उत्तर ऐकून घेण्याच्या तयारीने विचारावा, हेही त्याच तासाला शिकवावे. ग्रामसेवकास, ज्यास २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी असे नाव मिळाले आहे, वर्षातून एकदा वर्गात बोलावून मुलांकडून पाच प्रश्न विचारविले तर दोन्ही बाजूंचा संकोच जाईल.

शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य सभासद पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. पंचायतींतही २०११ पासून महाराष्ट्रात स्त्रियांना निम्म्या जागा राखीव आहेत. तरीही महिला सभेची तारीख अनेक घरांत पुरुषांच्या कानी पडून तेथेच थांबते. शाळेने ती तारीख मुलांच्या वहीत लिहून घरी पाठविली, तर केवळ एवढ्याने ती स्वयंपाकघरापर्यंत जाईल. वस्तीवरच्या, वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीच्या कोप्यांवरच्या घरांपर्यंत तीच वही पोहोचते. फलक तेथे पोहोचत नाही.

दवंडीवाल्याचे दिवस गेले. आज दूरध्वनीच्या पडद्यावर घटकेत शेकडो निरोप येतात. त्यांत नळाच्या पाण्याची खरी सूचना आणि गाव पेटविणारी खोटी आवई शेजारी शेजारी असतात. दवंडी देणाऱ्याला गाव ओळखत होते. त्याने चुकीचे सांगितले तर दुसऱ्या दिवशी त्याला विचारता येत होते. आज सांगणारा अदृश्य आहे. म्हणून पारखण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर आली आहे, आणि ऐकणारा शाळेत घडतो. ‘हे कोणी सांगितले?’ असा प्रश्न पुढे धाडण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारणारी मुले भीमेच्या दोन्ही काठांवर तयार झाली, तर ग्रामसभेत माणसे वाढतील आणि वाईट दिवशी हातातला दगड उचलण्यापूर्वी कोणीतरी थांबेल. गावच्या शाळेकडून गावाने याहून अधिक काही मागू नये, आणि शाळेने याहून कमी काही देऊ नये.