मध्येच वीज गेली तर?



सकाळी नाश्त्याला तिघांनी एकच प्रश्न विचारला, ‘पुण्यात तू नक्की करतोस काय?’ ‘कॉम्प्युटरमधलं’ एवढ्यावर आजवर सुटत आलो. आज माईक हातात आहे, म्हणून नीट सांगतो.

तुमची फाइल डिस्कवर कुठं, किती तुकड्यांत ठेवली आहे, याचा हिशेब ठेवते ती फाइलसिस्टीम. ती चुकली तर दवाखान्यातले रिपोर्ट, खताच्या दुकानाची उधारी, मुलीच्या लग्नाचे फोटो, सगळ्यांची नावं दिसतात आणि आत काहीच नसतं. ती चूक तुमच्याआधी पकडणाऱ्या स्क्रिप्ट मी लिहितो.

सगळ्यात अवघड चुका वीज जाण्याच्या क्षणी होतात. लोडशेडिंगमध्ये दहावी केलेल्यांना वीज जाणं म्हणजे काय, हे मी काय सांगणार! दुकानदार आधी किर्दीत लिहितो, मग खतावणीत. मध्येच उठावं लागलं तरी किर्द पाहून खतावणी पुरी होते. बऱ्याच फाइलसिस्टीम अशीच किर्द ठेवतात, तिला जर्नल म्हणतात.

तरी घोळ होतात. 2009 साली लिनक्सच्या ईएक्सटी-4 या तेव्हा नव्या फाइलसिस्टीमवर लोकांच्या फाइली रिकाम्या व्हायला लागल्या. फाइलच्या नावाची नोंद आधी डिस्कवर जायची, मजकूर काही सेकंद मागे राहायचा, आणि तेवढ्यात मशीन बंद पडायचं. फाइलसिस्टीमवाले म्हणाले, ‘प्रोग्रॅमनं एफसिंक करायला हवं होतं.’ एफसिंक म्हणजे ‘मजकूर डिस्कवर पोचला का?’ असं विचारून ‘हो’ येईपर्यंत थांबणं. नियमानं त्यांचं बरोबर होतं. पण ज्याची फाइल गेली त्याला नियमाचं काय? शेवटी ईएक्सटी-4 मध्येच दुरुस्ती करावी लागली.

‘हो’ म्हटल्यावरही फाइल गायब झाली, तर मात्र तो फाइलसिस्टीमचाच दोष. तो शोधायला कुणी खरी वीज घालवत बसत नाही. डिस्कवर जाणारं प्रत्येक लिखाण क्रमानं टिपून ठेवायचं. मग कोऱ्या डिस्कवर त्यातलं ‘हो’ मिळेपर्यंतचंच उतरवायचं, पुढचं सोडून द्यायचं, म्हणजे जणू तिथंच वीज गेली. ती डिस्क उघडून फाइल जागेवर आहे का ते पाहायचं. स्क्रिप्टशेजारी अपेक्षित उत्तराची फाइल असते. एका ओळीचा फरक पडला तरी नापास. आपल्या गणिताच्या सरांसारखंच, पायऱ्यांचे मार्क नाहीत!

टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये ‘क्रॅशमंकी’ नावाचं असं साधन मांडलं. आधी त्यांनी पाच वर्षांतल्या 26 जुन्या चुका तपासल्या. बहुतेक चुका घडायला फाइल तयार करणं, नाव बदलणं अशा तीन किंवा त्याहून कमी क्रिया पुरत होत्या. म्हणून त्यांनी छोट्या क्रियांच्या जोड्या पद्धतशीर लावून पाहिल्या. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या फाइलसिस्टीममध्ये 10 नव्या चुका सापडल्या, त्यातल्या सात 2014 पासून तिथंच होत्या. त्या काळात लाखो मशीन चालू होती, पण नेमक्या त्या क्षणी वीज घालवून कुणी पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे चूक दुरुस्त झाली तरी तिची स्क्रिप्ट काढून टाकत नाहीत. कुणी एक ओळ बदलली की जुन्या सगळ्या स्क्रिप्ट पुन्हा चालतात. रात्र जाते, पण जुनी चूक परत आली तर सकाळी कळतं.

लॅपटॉप आणलाय. जेवणानंतर कुणाला पाहायचं असेल तर एक स्क्रिप्ट चालवून दाखवतो.