वडगावची वार्ता कान्ह्यापर्यंत

ज्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हा भाताचा वाण सिद्ध होऊन १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला, ते केंद्र आपल्या कान्ह्याहून लोकलने एकाच स्थानकाच्या अंतरावर, मावळची मामलेदार कचेरी ज्या वडगावात आहे तेथेच आहे. आंबेमोहोरास सुवास होता, परंतु तो उंच वाढून लोळे आणि उतारा कमी देई. उलट फिलिपीन्समध्ये १९६६ साली प्रसृत झालेला आयआर ८ ठेंगणा व भरघोस, पण सुवासाला पारखा. या दोहोंचा मेळ घालण्याचे कार्य आपल्या शिवारालगत चालले असता त्याची वार्ता आपल्या चावडीवर नियमाने वाचली जावी, असे मला अंतःकरणपूर्वक वाटते. कारण तयार बियाणे दुकानातही मिळते, मात्र ते कसे घडले हे ठाऊक असलेला शेतकरी पुढच्या वाणाविषयी नेमके प्रश्न विचारू शकतो.

शेतकऱ्याच्या प्रश्नांचे हे मोल आकाशवाणीच्या पुणे केंद्राने ओळखले होते. १९५६ च्या आरंभी, केंद्र स्थापन होऊन पुरती तीन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर खल करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे धाडीत. त्यांची उत्तरे पुढे प्रक्षेपित होत. या प्रयोगाचे खरे मर्म मला त्या परतीच्या प्रश्नांत दिसते, कारण एरवी ज्ञान गावात उतरते खरे, परंतु गावाची शंका ज्ञानवंतांपर्यंत पोहोचतच नाही.

गावात उतरलेल्या ज्ञानाचे उदाहरण म्हणून चारसूत्री भातलागवडच पाहा. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळावी, म्हणजे तिच्यातील सिलिकाने रोपे कणखर होतात. चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला गाडावा. रोपे १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटूनपालटून अंतराने लावावीत. आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावी, जेणेकरून मावळच्या मुसळधार पावसात खत वाहून जात नाही. हे सारे विज्ञानच आहे, आणि ते वाचण्यापेक्षा पाहून अधिक कळते. म्हणून पीक-प्रात्यक्षिकाचा दिवस, वेळ आणि गट क्रमांक यांची सूचना मृगापूर्वीच ग्रामपंचायतीच्या फलकावर व रेल्वे स्थानकावर लागावी. गतवर्षी जो प्रयोग फसला त्याची हकीकतही, कारणांसह, तेथेच द्यावी.

आणखी एक विनंती. आवणीच्या वेळी चिखलात वाकून रोप लावणारे आणि गोळी खोचणारे हात बहुतांशी स्त्रियांचे असतात. यास्तव प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारापुरतेच न ठेवता या भगिनींनाही द्यावे, आणि त्याची वेळ त्यांना विचारूनच मुक्रर करावी.