कळसूबाईचा डोंगर आणि आपला दावा

(वनहक्क मेळाव्यातलं भाषण)



पावसाळ्यात शनिवार-रविवारी बारी गावात पाय ठेवायला जागा नसते. मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्या लागतात. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते. आधी अशी रांग आम्ही नवरात्रातच बघायचो. लोकांनी येऊ नये असं आमचं म्हणणं नाही. दारी आलेल्याला पाणी द्यायचं ही आपली रीत आहे. आम्ही पोरं त्यांच्या बॅगा उचलतो, वाट दाखवतो, घरातल्या बाया पिठलं-भाकरी करून घालतात. दोन पैसे मिळतात, ते नको कशाला म्हणायचं?

पण आपल्याला दोन पैसे, मग बाकीचे कोणाला? हे विचारायची वेळ आली आहे.

भंडारदऱ्याकडे काजव्यांच्या दिवसांत काय होतं ते तुम्ही बघता. पावसाच्या तोंडावर हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे भरतात. काजवा चमकतो तो जोडीदाराला बोलवायला. त्याची अळी ओल्या मातीत, पालापाचोळ्यात, गोगलगायी खाऊन वाढते. आता त्याच मातीवरून गाड्या जातात, आणि झाडावर हेडलाईट मारतात. एवढ्या उजेडात काजव्याला काजवा दिसायचा कसा? काजवे दिसले की राब भाजायचे उरकून घ्या, असं म्हातारी माणसं सांगायची. उद्या काजवेच राहिले नाहीत तर पाहुणेही येणार नाहीत, हे तंबूवाल्याला कळत नाही. तो दुसरा डोंगर धरील. आपण कुठे जाणार?

त्याच दिवसांत झरे आटलेले असतात. बाया रात्री हंडे घेऊन झऱ्यावर नंबर लावतात आणि तंबूवाल्यांचे पिंप मात्र भरलेले. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली उसाला गेलं. वरच्यांच्या डोक्यावरचा हंडा काही उतरला नाही.

आता आपलीच चूक सांगतो, राग मानू नका. आपल्यातल्या काहींनी तंबूसाठी स्टॅम्पवर जमीन लिहून दिली आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, भाड्यानेसुद्धा देता येत नाही. महसूल कायद्याचं कलम ३६ आणि ३६-अ वाचा, नसेल वाचता येत तर आम्हाला हाक मारा. वनहक्कात मिळालेली जमीन तर कोणालाच विकता येत नाही, ती फक्त वारसाला जाते. असला कागद कोणी पुढे केला तर सही करू नका, अंगठा देऊ नका.

दुसरी गोष्ट. १९८६ साली इथे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. अभयारण्यात तुमचा हक्क नाही, असं कोणी सांगितलं की आपण मान खाली घालून परत येतो. ते खोटं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात वनजमीन म्हणजे काय ते लिहिलंय, त्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान दोन्ही आहेत. त्याच कायद्यात शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची लाईन अशा गावाच्या कामांना वनजमीन द्यायची सोय आहे, ग्रामसभेने शिफारस केली तर. ती यादी आम्ही दोनदा वाचली. त्यात हॉटेल नाही.

म्हणून सामूहिक दावा करायचा. हिरडा, गवत, झरे, देवराई, डोंगरावर जायच्या वाटा, सगळं त्यात घालायचं. जंगल राखायचा हक्क गावाकडे आला, तर गाड्या कुठे थांबतील, रात्री कुठल्या झाडाखाली जायचं नाही, हे ग्रामसभा ठरवील. वाटाड्या गावचाच, हेही ठरवील.

पुरावा कुठून आणायचा, असं बाया विचारत होत्या. पुरावा तुमच्या तोंडात आहे. म्हाताऱ्या माणसाने सांगितलेलं लिहून घेतलं तर ते कायद्यात पुरावा म्हणून चालतं, देवाची ठिकाणंही चालतात. कळसू कोळ्याची पोर. केर-भांडी करणार नाही अशी अट घालून पाटलाकडे कामाला राहिली. एक दिवस तेच काम सांगितलं, तशी उठली आणि डोंगरावर निघून गेली. ती गेली ती वाट आपल्या आज्या अजून दाखवतात. तीच वाट नकाशावर घालायची.

येत्या सोमवारी देवळाच्या ओट्यावर नकाशा काढायला बसू. ठरावाला गावातले निम्मे मतदार हजर लागतात आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. तेव्हा स्वयंपाक सकाळीच उरका, आणि म्हातारीला पाठीवर घेऊन या.