खानदेशच्या उन्हांत फुलणारा वामनवृक्ष

उथळ कुंडींत वाढविलेल्या वामनवृक्षांत जपानी लोक ज्या झुडपास मोठा मान देतात, त्याचें नांव 'बोके'. मराठी माणसास नांव ऐकून हसूं येईल. पण हिवाळा सरत असतां, अंगावर एकहि पान नसतांना, त्याच्या वेड्यावांकड्या काळपट फांद्यांवर तांबडीं फुलें उमललेलीं पाहिलीं म्हणजे हसूं मावळतें. वीतभर उंचीचें तें झुडूप जुनाट वृक्षाचा डौल मिरवितें. जळगांव-धुळ्याच्या एखाद्या गृहस्थानें चित्र पाहून तें मागविलें, तर त्याच्या रसिकतेला नांव ठेवतां येणार नाहीं. मात्र फुलांची आशा धरूं नये. या झुडपास फुलण्यापूर्वीं कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. खानदेशांतली थंडी बोचरी खरी, परंतु चार रात्रींची पाहुणी. आणि मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे चढला म्हणजे उथळ कुंडींतलीं त्याचीं मुळें अक्षरशः शिजून निघतात.

याच मानाचें झाड आपल्या परसांतच आहे. तें म्हणजे डाळिंब. फुलें तशींच तांबडीं, फांद्या कांटेरी, आणि खोड वयाबरोबर पिळवटत जाणारें. शेजारच्या बागलाणांत त्याच्या बागाच्या बागा आहेत. तेव्हां येथील ऊन त्यास नवें नाहीं.

पक्व फांदीचा पेन्सिलीएवढ्या जाडीचा तुकडा पावसाळ्यांत लावावा, किंवा गुटी बांधून रोप करावें. तें प्रथम तीनचार वर्षें जमिनींत मोकळें वाढूं द्यावें. उथळ कुंडींत गेल्यावर खोड फारसें जाड होत नाहीं, आणि काडीएवढ्या खोडाचें झाड वामनवृक्ष न दिसतां केवळ उपाशी रोप दिसतें. खानदेशची काळी माती कपाशीला उत्तम, पण कुंडींत ती पाणी धरून बसते आणि वाळली कीं भेगाळून मुळें तोडते. निम्मी जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे, उरलेल्या निम्म्यांत पोयटा व चांगलें कुजलेलें शेणखत, एवढें पुरे. वळण कोंवळ्या फांद्यांनाच तार गुंडाळून द्यावें; जुनी फांदी वांकत नाहीं, ती मोडते.

खरी परीक्षा पाण्याची. बागाईतदार बहार धरण्यापूर्वीं डाळिंबाचें पाणी तोडतो. यास ताण देणें म्हणतात. पानें गळतात, आणि मग पाणी सोडलें कीं पालवी व कळ्या एकदम फुटतात. हें ऐकून हौशी माणूस कुंडीहि महिनाभर कोरडी ठेवतो, आणि झाड पुन्हां पालवत नाहीं! शेतांतलें मूळ खोल ओलाव्यापर्यंत पोंचलेलें असतें; कुंडींतलें चार बोटें मातींत कोंडलेलें असतें. तेव्हां कुंडींतल्या झाडाचें पाणी तोडूं नये, फक्त कमी करावें, आणि तेंहि डिसेंबरच्या सुमारास. जानेवारीच्या अखेरीस, पालवी फुटण्याच्या बेतांत असतां, दोन वर्षांतून एकदां मुळें छाटून माती बदलावी. उन्हाळ्यांत ताण मुळींच नको. तेव्हां सकाळ-संध्याकाळ पाणी, दुपारीं ११ ते ४ सांवली, आणि कुंडीभोंवतीं ओलें गोणपाट. गच्चीच्या तापलेल्या फरशीवर कुंडी ठेवूंच नये, फळीवर ठेवावी.

फुलें गळूं लागलीं कीं घरोघरीं औषधाची बाटली निघते. बहुधा तिचें कारण नसतें. डाळिंबास दोन प्रकारचीं फुलें येतात : बुडाशीं फुगीर, सुरईसारखीं असतात तीं फळ धरणारीं, बुडाशीं निमुळतीं, घंटेसारखीं असतात तीं नरफुलें, आणि तीं गळावयाचींच. फळ धरलेंच तर एकच ठेवावें, आणि त्यावर पातळ कापडाची पिशवी बांधावी. नाहीं तर फुलपांखराची अळी आंत शिरून तें पोखरून टाकते.