तफ्त: फरमानदाराचं छोटं शहर

आजचा भाग जरा लांबचा आहे, इराणमधला. पण सुरुवात आपल्या पूर्ण्यातूनच करू.

मी गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. इथे भिवंडीच्या गोदामांत कोणालाही "गाव कुठलं?" विचारा, तो गावाचं नाव सांगत नाही. जिल्हा सांगतो. जौनपूर, बीड, नांदेड. गाव कोणाला माहीत असणार? मुंबईतल्या इराणी हॉटेलवाल्यांचंही असंच आहे. विचारलं की उत्तर येतं, "यज्द." पण यज्द हे मोठं शहर. त्यातले कित्येक जण खरे आजूबाजूच्या खेड्यांतले. त्या खेड्यांपैकी काहींचं तालुक्याचं ठिकाण म्हणजे तफ्त.

तफ्त यज्दपासून वीसेक किलोमीटरवर, शीरकूह डोंगराच्या पायथ्याशी. वस्ती वीस हजारांच्या आत, डाळिंबं प्रसिद्ध. इराणात प्रांताखाली 'शहरस्तान' असतं, आपल्या जिल्हा-तालुक्याच्या मधलं काहीतरी, आणि तफ्त हे अशाच एका शहरस्तानाचं मुख्य ठिकाण. तिथला प्रमुख अधिकारी कोण, तर 'फरमानदार'. फर्मान आपल्याला माहीत आहे, 'दार' तर तहसीलदारात रोज भेटतो. भिवंडीच्या तहसील कचेरीत अर्ज, दप्तर, नकाशा, वारस म्हणताना आपण निम्मं फारसीच बोलत असतो.

आता गंमत बघा. तफ्तमध्ये शाह नियामतुल्ला वली या सूफी संतांची खानकाह होती. १५व्या शतकात बहमनी सुलतानाच्या बोलावण्यावरून त्यांचे वंशज बीदरला आले. त्यांचा मुलगा खलीलुल्ला याची चौखंडी आजही बीदरजवळ अष्टूरला उभी आहे. म्हणजे हा रस्ता इराणी चहाच्या कितीतरी आधीचा.

दुसऱ्यांदा लोक आले ते मात्र बोलावण्यावरून नाही. यज्दकडच्या झरतुष्ट्री लोकांवर जिझिया कर होता, कपड्यांवर आणि घोड्यावर बसण्यावरही बंधनं होती. १८५४ साली मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवलं. त्यांनी जवळजवळ तीस वर्षं खटपट केली, तेव्हा १८८२ मध्ये जिझिया उठला. मला हा माणूस फार आवडतो. इतका चिवट फॉलो-अप मी तरी कोणाचा बघितला नाही! पण मधल्या काळात, १८७०-७२ ला, मोठा दुष्काळ पडला. लोक निघाले ते निघालेच. मुंबईत आधी मिळेल ती नोकरी, मग बेकरी, मग कोपऱ्यावरचं हॉटेल. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं.

आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तफ्त फारसी बोलणारं शहर, पण या झरतुष्ट्री घरांमध्ये फारसी नव्हती. त्यांची घरातली बोली वेगळी, तिला ते 'दरी' म्हणतात. अफगाणिस्तानातली दरी वेगळी, घोळ नको. कचेरीत फारसी, घरात दरी. आमच्याकडे घरात आगरी, कचेरीत मराठी, तसंच. तफ्तमध्ये तिला कागद नव्हता, शाळा नव्हती. मुंबईत आल्यावर गल्ल्यावर हिंदी, समाजात गुजराती, शाळेत इंग्रजी. दरीला जागा उरली फक्त आजी-आजोबांपाशी. हॉटेल बंद पडलं की पेपरात फोटो येतो, बोली बंद पडली तर कोण बातमी देणार?

तुमच्या ओळखीत कोणी इराणी कुटुंब असेल तर एवढंच विचारा: घरी दरी अजून कोण बोलतं, आणि कोणाशी? त्यांची परवानगी असेल तर उत्तर व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.