मेलबर्नचा वसंत आणि शिंकांची नोंद

आपल्यापैकी अनेकांची मुलं, भाचरं मेलबर्नला असतात. तिकडे ऑक्टोबर लागला की त्यांच्या घरात शिंकांची सर सुरू होते. "काही नाही गं आई, हे-फीवर आहे, परागांची ॲलर्जी," एवढ्यावर विषय मिटतो. तो मिटू नये, म्हणून आज बोलते आहे.

शहराच्या उत्तरेला आणि पश्चिमेला विस्तीर्ण कुरणं आहेत. तिथलं रायग्रास गवत या दिवसांत फुलतं आणि उत्तरेचा वारा सुटला की पराग शहरावर येतात. नव्यानं गेलेल्यांना सुरुवातीची काही वर्षं बहुधा काहीच जाणवत नाही. मग एका वसंतात नाक गळू लागतं, डोळे चुरचुरतात, झोप उडते. आणि बारावीची परीक्षा नेमकी तेव्हाच! त्यात इथून पाठवलेली सर्दीची गोळी बरेचदा गुंगी आणणारी असते. पोर पेपर लिहिणार कसा?

तिथलं 'मेलबर्न पोलन' हे ॲप रोजचा अंदाज देतं. एका घनमीटर हवेत गवताचे 50 परागकण झाले की प्रमाण जास्त, 100 झाले की अतिजास्त. यंत्र हवा ओढून चिकट पट्टीवर घेतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजला जातो. पण हा आकडा साऱ्या शहराचा झाला. तुमचं काय? युरोपातलं 'मास्क-एअर' हे ॲप 2015 पासून तेच विचारतं. पडद्यावर आडवी रेघ, एका टोकाला 0, दुसऱ्या टोकाला 100. आज त्रास किती झाला, तिथे बोट ठेवायचं. नाकाची रेघ वेगळी, डोळ्यांची वेगळी, कामावर झालेल्या परिणामाची वेगळी. शिवाय घेतलेली औषधं. या नोंदींतून डॉक्टरांना दिसलं, की बहुतेक लोक त्रास वाढला की औषध घेतात आणि उतरला की सोडतात. नाकातला स्टिरॉइडचा फवारा मात्र नेमानं घेतला तरच खरा गुण देतो.

नोंदीचा आग्रह मी धरते तो 21 नोव्हेंबर 2016 मुळे. त्या संध्याकाळी मेलबर्नवर वादळ आलं, दमट हवेत पराग फुटले आणि एरवी नाकात अडकणारा कण बारीक होऊन थेट फुप्फुसात गेला. हजारो माणसं धापा टाकत रुग्णालयांत पोचली. दहा जण दगावले. दम्याचं निदान कधीच न झालेले, फक्त शिंकांनी हैराण असलेले रुग्णालयांत आलेल्यांत पुष्कळ होते. भारतीय वंशाच्या लोकांना झळ विशेष बसली.

आता ऑक्टोबर ते डिसेंबर 'विकइमर्जन्सी' या ॲपवर अशा वादळाचा इशारा मिळतो. तो आला की वादळापूर्वीच घरात यावं, खिडक्या लावून घ्याव्यात. आणि नोंदीत रात्रीचा खोकला किंवा छातीतली घरघर दिसली, तर ती सप्टेंबर उजाडण्याआधी डॉक्टरांपुढे ठेवावी, इनहेलर लागेल का ते स्पष्ट विचारावं.