साठवणीचे यंत्र आणि हजेरीच्या चिठ्ठ्या



कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला म्हणजे तो बोनसवर बोलणार, असे आपण धरून चालला असाल. मी आज कॉम्प्युटरवर बोलणार आहे. पण विषय फारसा बदललेला नाही, हे लौकरच ध्यानात येईल.

आपल्या केळापूर तालुक्यात कापसाचे जिनिंग हंगामी चालते. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने असे ठरविले की, हंगामी कारखाना जितके दिवस चालला त्याच्या निदान पाऊण हिस्सा दिवस कामगार कामावर असला, तरच त्याची सेवा अखंड धरावयाची. आणि २४० दिवस काम केल्याचा पुरावा मजुरानेच आणला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली कामावरून काढलेल्या एका मजुराच्या खटल्यात म्हटले. मालकाजवळ हजेरीपट असतो. मजुराजवळ काय असते? खिशात भिजलेली चिठ्ठी. त्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे आम्ही माझ्या घरच्या लहानशा सर्व्हरवर ठेवतो. दोन डिस्क, आणि दोहोंवर एकच मजकूर.

असे यंत्र काही वर्षांनी नव्याने बसवावेच लागते. चालविणारी प्रणाली जुनी होते, किंवा ती जिच्यावर आहे ती डिस्क मरते. मग घरोघरी एकच धास्ती : आता सारे पुसले जाणार! तसे होण्याचे कारण नाही. मुकादम बदलला म्हणून गोदामातला कापूस उडून जात नाही. प्रणाली हा मुकादम. फोल्कर थाइले यांनी सुरू केलेली, २०११ पासून फुकट मिळणारी ओपनमीडियाव्हॉल्ट ही प्रणाली तर स्वतःसाठी वेगळी डिस्कच मागते. मुकादमाने गोदामात बिछाना टाकू नये, ही रीत मला फार पसंत आहे.

दोन डिस्कची जोडी आहे, ही खूण त्या डिस्कवरच लिहिलेली असते. लिनक्सची रेड घ्या की झेडएफएस घ्या, नवी प्रणाली ती खूण वाचून जोडी ओळखते. म्हणून प्रथम यंत्र बंद करून साठवणीच्या डिस्कवरचे क्रमांक चिठ्ठीवर लिहून घ्यावे, त्यांच्या तारा काढाव्या, आणि नवी प्रणाली एकट्या वेगळ्या डिस्कवर बसवावी. डिस्कना यंत्र जी नावे देते ती अदलाबदल होतात. कारखान्याने छापलेला क्रमांक बदलत नाही. तारा जोडल्यावर रेडला ‘असेंबल’ म्हणावे, झेडएफएसला ‘इम्पोर्ट’. ‘क्रिएट’ किंवा ‘फॉरमॅट’ या शब्दांवर बोट पडता कामा नये; त्यांचा अर्थ जुने मोडून नवे मांडा. यंत्र ‘खात्री आहे का?’ असे विचारते खरे. पण राजीनाम्यावर अंगठा घेणारा मालकही तेच विचारतो.

आता जे डिस्कच्या जोडीवर नसते, तिकडे लक्ष द्या. कुलूपबंद साठवण असेल आणि तिची किल्ली प्रणालीच्या डिस्कवर असेल, तर ती आधीच बाहेर काढून ठेवली पाहिजे. ती गेली की चिठ्ठ्या जागच्या जागी असूनही गेल्याच. तसेच फाइलीचा धनी लिनक्स आकड्याने ओळखतो, नावाने नव्हे. नव्या यंत्रात माणसांना जुनेच आकडे दिले नाहीत, तर एकाचे कागद दुसऱ्याच्या नावावर दिसू लागतात. तलाठ्याच्या दप्तरात असे झालेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगणे नको.

आणखी एक. दोन डिस्कवर एकच मजकूर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसले तर दोन्हींवरून एकाच क्षणी पुसले जाते. तिसरी प्रत दुसऱ्याच्या घरी हवी, आणि ती काम सुरू करण्यापूर्वी उघडून पाहिलेली हवी.

जोडी परत लागली की प्रथम ती केवळ वाचण्यापुरती उघडावी. जुन्यात जुन्या हंगामाच्या दहाबारा चिठ्ठ्या काढाव्या, नाव आणि तारीख लागते का पाहावे, आणि मगच तेथे नवा कागद ठेवण्याची मोकळीक द्यावी.